दोन उभ्या रेघा आणि वहिनी

मी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बसते. ड्रिल, टूल, पॉलिशपेपर, हातमोजे, ज्याला जे लागेल ते माझ्या खिडकीतून मिळतं आणि संध्याकाळी त्याच खिडकीतून परत यावं लागतं. आलं नाही तर मी काय करते ते कुणालाही विचारा. माझ्या खिडकीच्या अगदी समोरचा लेथ, म्हणजे फिरत्या लोखंडाला आकार देणारं मशीन, वहिनीचा. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. मी तिला वहिनी म्हणते म्हणून अख्खं वर्कशॉप तिला वहिनी म्हणतं, मालकसुद्धा. एकदा मालकांच्या सासऱ्यांनीही तिला वहिनी म्हणून हाक मारली, तेव्हापासून मी ही नाती जुळवायचा नाद सोडला.

ती इथं कामाला लागली ती झाडलोट करायला. लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस गोळा करता करता ती मशीनकडे बघत उभी राहायची. एक दिवस मिस्त्री वैतागून म्हणाले, "बघतेस काय पोरी, धर." तिनं धरलं, आणि मग सोडलंच नाही. मिस्त्री म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर. शब्द मोजके, त्यातले निम्मे शिव्यांचे. पण वहिनीला त्यांनी पोटच्या पोरीसारखं शिकवलं, आणि तेवढे एकटेच तिला वहिनी न म्हणता पोरी म्हणत राहिले.

मग तिचा उजवा खांदा गेला. जड लोखंडी गज उचलून लेथच्या चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, अडकवायचे, दिवसभर तेच, वर्षानुवर्षं तेच. डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्वच्छ सांगितलं, की हे काम चालू ठेवलंत तर हात डोक्याच्या वर जायचा बंद होईल. वहिनी डॉक्टरांना म्हणाली, "डोक्याच्या वर माझं काही कामच नसतं." डॉक्टर हसले नाहीत. मीही हसले नाही, कारण घरी तिला केस विंचरताना मी पाहिलं होतं.

मालक माणूस वाईट नाही. त्यांनी तिला दोन रस्ते दाखवले. एक पॅकिंगचा: इतरांनी केलेले जॉब, म्हणजे तयार सुटे भाग, तेलकट कागदात गुंडाळायचे आणि खोक्यात भरायचे. दुसरा काचेच्या खोलीचा. काचेची खोली म्हणजे जॉब तपासायची जागा. तिथून पास झाल्याशिवाय एक वॉशरसुद्धा फाटकाबाहेर जात नाही. तिथले साहेब निवृत्त होणार होते, आणि मोठ्या गिऱ्हाइकांचा आग्रह होता की त्या खुर्चीवर डिप्लोमावाला माणूस हवा, निदान डिप्लोमाला प्रवेश घेतलेला तरी. तंत्रशाळेत संध्याकाळचा वर्ग होता. त्याला प्रवेश परीक्षा. आणि त्या परीक्षेला आयुष्यात दोनदाच बसता येतं.

वहिनीचा एक डाव आदल्या वर्षीच जाऊन बसला होता. बघूया तरी, म्हणून ती गेली होती आणि गणितात आपटली होती. आता हा शेवटचा.

"पास झालात तर खोली तुमची," मालक म्हणाले. "नाहीतर पॅकिंग. मी तरी काय करणार?"

"निकालापर्यंत खुर्ची कुणाला देऊ नका," वहिनी म्हणाली. एवढंच. घरी येताना वाटेत तिनं सराव प्रश्नपत्रिकांचं जाडजूड पुस्तक घेतलं आणि भाजीच्या पिशवीत तेच वर ठेवलं.

पॅकिंगमध्ये कमीपणा काय, असं कुणी म्हणेल. काहीच नाही. पण जिनं इतकी वर्षं लोखंडाला आकार दिला, तिनं दुसऱ्याच्या आकाराला कागद गुंडाळत बसायचं, हे मला बघवलं नसतं. तिला तर मुळीच नाही.

शिकवणी माझ्याकडे आली. मला गणित फार येतं असं नाही, पण बारावीपर्यंत मी ते सहन केलं होतं. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्ये आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचा वर्ग भरायचा. पुस्तकातली उत्तरांची पानं मी पहिल्याच दिवशी फाडून माझ्याकडे घेतली. चोराच्या हाती किल्ल्या देण्यात अर्थ नसतो. वहिनी म्हणाली, "वन्सं, इतका अविश्वास?" ती मला वन्सं म्हणाली की समजायचं, बाई रागावली आहे.

दादाला हे सगळं गमतीचं वाटत होतं. तो फ्रिज दुरुस्त करतो आणि त्याच्या मते जगातला कुठलाही बिघाड गॅस भरला की सुटतो. तो टेबलापाशी येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "क्ष सापडला का? नाही? मग चहा तरी सापडेल का?" वहिनी मान वर न करता गॅसकडे बोट दाखवायची. तिसऱ्या रविवारपासून चहा तोच करायला लागला, आणि खरं सांगायचं तर तो चांगला करतो.

टक्केवारी तिनं झटक्यात उचलली. त्रिकोण, वर्तुळं तर तिच्या रोजच्या ओळखीची. अक्षरांची समीकरणं आली, तीही तिनं दातओठ खाऊन मागे टाकली. घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी. दोन उभ्या रेघांपाशी.

केवल मूल्य म्हणतात त्याला. संख्येच्या दोन बाजूंना दोन उभ्या रेघा काढतात. अर्थ सोपा आहे: आतली संख्या शून्यापासून किती लांब आहे तेवढंच सांगायचं. आत उणे तीन असो की अधिक तीन, बाहेर येताना तीनच. मग प्रश्न येतो, की रेघांच्या आत 'क्ष वजा सात' आहे आणि उत्तर तीन आहे, तर क्ष किती? म्हणजे सातपासून तीन घरं लांब कोण राहतं? एक शेजारी दहा, दुसरा चार. उत्तरं दोन.

वहिनीनं लिहिलं, दहा.

"आणि चार," मी म्हणाले.

"हो, चार," ती म्हणाली आणि लिहिलं.

पुढचा प्रश्न. पुन्हा मोठं उत्तर तेवढं लिहिलं, धाकटं गायब. मी सांगितलं, तिनं मान डोलावली, लिहिलं. त्याच्या पुढचा, पुन्हा तेच. प्रश्नपत्रिकेत तर हा सापळाच लावलेला असतो. पर्याय 'अ' मध्ये एकटा दहा असतो, 'ब' मध्ये एकटा चार, आणि बरोबर उत्तर खाली 'क' मध्ये दोघांना घेऊन बसलेलं असतं. वहिनी 'अ' वर जायची आणि तिथंच मुक्काम करायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं.

शेवटी एका रविवारी माझा संयम सुटला. मी पेन आपटलं. "वहिनी, तुला कळत नाही असं नाही. मी विचारलं की लगेच चार म्हणतेस. मग आपणहून लिहायला काय होतं? हात दुखतो?"

तिनं कागद जवळ ओढला. मग म्हणाली, "चार मला दिसतो गं. आधी तोच दिसतो कधीकधी. पण हात तिकडे जात नाही."

"का जात नाही?"

"कमीकडे जायचं नसतं म्हणून."

मला काही समजेना. तिनं टेबलावरचं लाटणं उचललं. "हे बघ. हा गज आहे असं समज. याची जाडी मला चाळीसवर आणायची आहे. जॉबच्या नकाशावर काय लिहिलेलं असतं? चाळीस, अधिक-उणे इतकं इतकं. म्हणजे थोडं जास्त चालेल, थोडं कमी चालेल. पण लेथवर उभा राहणारा माणूस कधी कमीकडे जातो का? जास्त राहिलं तर अजून एक कट मारता येतो. कमी झालं की संपलं. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, जॉब भंगारात. म्हणून आपण कायम वरच्या बाजूनं यायचं आणि वरच्याच बाजूला थांबायचं. मिस्त्रींनी मला पहिलं हेच शिकवलं. अधिक आपलं, उणे साहेबांचं."

दादा चहा गाळता गाळता थांबला.

मला राग आला होता तो उतरला, आणि त्या जागी भीती आली. न कळणाऱ्याला समजावता येतं. पण जे हातात इतकं मुरलं आहे, ज्याच्या जोरावर तिच्या नावावर भंगारात जॉब जवळजवळ नाहीतच, ते मी कसं काढणार होते? आणि काढायचं तरी कशाला? तो तर तिचा गुण होता. परीक्षेच्या कागदावर तेवढा तो दोष ठरत होता.

"सवय आहे, मोडेन," वहिनी म्हणाली. तिनं वहीचं कोरं पान उघडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी तिनं इतकी समीकरणं सोडवली की दादाला स्वयंपाकही करावा लागला. तरी प्रत्येक वेळी दुसरं उत्तर लिहायच्या आधी ती माझ्याकडे बघत होती. धाकानं लिहिलेलं उत्तर परीक्षेच्या घाईत टिकणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

तोड निघाली ती वर्कशॉपमध्ये. तिच्याकडे बुश करायचं काम आलं होतं. बुश म्हणजे जाड नळीसारखा तुकडा, त्याला आतून भोक मापात कोरायचं असतं. मी खिडकीतून बघत होते. तिनं मशीन चालू केलं, कट मारला, मशीन थांबवलं, भोकाचं माप घेतलं, आणि एकदम माझ्याकडे वळून अशी ओरडली की मला वाटलं बोट मशीनमध्ये सापडलं.

मी धावत गेले. तिचे डोळे चमकत होते.

"भोक!" ती म्हणाली. "भोकाचं उलटं असतं ना गं! भोक लहान राहिलं तर अजून कोरता येतं. मोठं झालं की भंगार. म्हणजे भोक करताना मी रोज कमीकडेच थांबते. मला कमीकडे जाता येतं!"

मिस्त्री शेजारच्या मशीनवरून बघत होते. "हिला काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

"क्ष सापडला," मी म्हणाले.

"मग माझा अकराचा पानाही शोध म्हणावं. सकाळपासून दिसत नाहीये." आणि थोडं थांबून, "या वयात डोक्याला एवढा ताप कशाला गं पोरी?" असं काहीसं पुटपुटून ते कामाला लागले. पुढे मी त्यांच्या ड्रॉवरमधूनच त्यांचा पाना काढून दिला.

त्या दिवसापासून वहिनीनं रेघांचं प्रत्येक समीकरण दोनदा करायचं ठरवलं. एकदा गज समजून, एकदा भोक समजून. गज म्हटलं की हात अधिककडे जायचा, भोक म्हटलं की उणेकडे. दोन्ही जॉब केल्याशिवाय पुढचा प्रश्न घ्यायचा नाही. माझ्या गणिताच्या बाईंनी हे ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. पण उत्तरं बरोबर यायला लागली, एकामागून एक, न सांगता. मी उत्तरांच्या पानावर बोट ठेवून एकेक जुळवत राहायचे.

अर्थात सुख असं सरळ येत नाही. दोन उत्तरांची गोडी लागल्यावर ती सगळीकडे दोन लिहायला लागली. एका प्रश्नात रेघांच्या आत 'क्ष वजा सहा' होतं आणि दुसऱ्या बाजूला 'दोन क्ष'. तिनं झोकात लिहिलं, दोन आणि उणे सहा.

"चूक," मी म्हणाले.

"कशी चूक? गज केला, भोक केलं."

"दोन्ही परत घालून बघ."

तिनं दोन घातला. आत उणे चार, म्हणजे अंतर चार. पलीकडे दोनाची दुप्पट, तेही चार. जमलं. मग उणे सहा घातला. आत उणे बारा, म्हणजे अंतर बारा. पलीकडे उणे बारा. बारा आणि उणे बारा एक कसे होतील? तिनं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे सगळं नियमानं करूनही एक खोटं निघतं?"

"निघतं कधीकधी."

मला वाटलं आता ती खचेल. पण ती उलट शांत झाली. "मग गेज लावायलाच हवा की," ती म्हणाली. "आपण तरी कुठला जॉब गेज लावून माप पडताळल्याशिवाय खाली ठेवतो? इथं मी तसाच सोडत होते. माझंच चुकलं." पुढे ती प्रत्येक उत्तर समीकरणात घालून बघू लागली. वेळ जास्त लागायचा म्हणून मी कुरकुर केली, तर म्हणाली, "वेळ मी दुसरीकडून काढीन. हे नाही सोडणार."

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. फाटकावर सगळी सतरा-अठरा वर्षांची मुलं. वहिनी त्यांच्यातून आत जायला लागली तशी पहारेकऱ्यानं हात आडवा घातला. "पालकांनी बाहेर थांबायचं."

माझ्या जिभेवर चार शब्द आले होते. वहिनीनं मला कोपरानं ढकललं आणि प्रवेशपत्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "जा ताई," तो म्हणाला आणि ओशाळून बाजूला झाला. दादा आणि मी समोरच्या बाकावर बसलो. दादा एकही विनोद न करता इतका वेळ बसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

आत काय झालं ते तिनं येताना बसमध्ये सांगितलं. रेघांचे तीन प्रश्न आले होते. दोन तिनं सहज मारले. तिसऱ्यात रेघांच्या आत 'तीन क्ष अधिक दोन', बाहेर अधिक नऊ, आणि उत्तर चार. नऊ पलीकडे नेले की उरतात उणे पाच. तिनं गज केला, भोक केलं. एक उत्तर आलं एक, दुसरं उणे सात-तृतीयांश. पर्याय 'क' मध्ये दोन्ही उत्तरं जशीच्या तशी, वाट बघत बसलेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गेज. एक घातला. आत पाच, अधिक नऊ, चौदा झाले. हवेत चार. दुसरा घातला, आत उणे पाच, अंतर पाचच, पुन्हा चौदा. दोन्ही भंगार. इतकी मेहनत करून हातात काहीच नाही, असं कसं? पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेजारचा मुलगा पान उलटून पुढे गेलेला. हात सारखा 'क' कडे जात होता. मग मी नुसती त्या रेघांकडे बघत बसले. म्हटलं, बाई गं, हे अंतर आहे. अंतर उणे पाच कसं असेल? कुणी उणे पाच पावलं लांब राहतं का? हा जॉब होणाराच नाही. नकाशाच चुकीचा आहे. 'ड'. उकल नाही."

"नक्की 'ड'?" दादानं विचारलं.

"तुझ्या फ्रिजची शपथ," ती म्हणाली, आणि मग खिडकीवर डोकं टेकून घर येईपर्यंत झोपली.

निकालाच्या दिवशी वर्कशॉपचा फोन तिनं घेतला नाही, मी घेतला. तंत्रशाळेच्या कारकुनानं नाव वाचलं, गणिताचे गुण वाचले, मी ते त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतले. मग मी स्टोअरची खिडकी उघडी टाकून, टूल उघड्यावर टाकून, धावत सुटले. वहिनी मशीन थांबवून उभी होती. मला काही बोलावं लागलं नाही. मी रडत होते, आणि मी अपयशाला रडणारी बाई नाही हे तिला माहीत होतं.

लेथ एका नव्या मुलीला मिळाला. वहिनीनं तो तिच्या हवाली करताना पुसून लख्ख केला, आणि त्या मुलीला इतक्या सूचना दिल्या की ती बिचारी घाबरली. सोमवारी वहिनी काचेच्या खोलीत बसली. संध्याकाळी तिचा वर्ग असायचा, म्हणून चारलाच घाई सुरू व्हायची. लोक जॉब घेऊन यायचे, आत ठेवायचे, तोंडं वाकडी करायचे. एकदोघांनी "काल परवा तर लेथवर होती" असं पुरेशा मोठ्यानं म्हटलं. वहिनी माप घ्यायची आणि जे असेल ते सांगायची.

त्याच आठवड्यात मिस्त्री आले. हातात मोठ्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, स्वतः केलेला. मिस्त्रींचा जॉब आजवर कुणी नीट तपासलाच नव्हता. जुने साहेब त्यांच्याकडे बघून शिक्का मारायचे.

"बघ गं पोरी," ते म्हणाले आणि जायला वळले.

"थांबा मिस्त्री," वहिनी म्हणाली.

तिनं एका टोकाला माप घेतलं. दुसऱ्या टोकाला घेतलं. पुन्हा पहिल्या टोकाला. काचेतून मला तिचा चेहरा दिसत होता. मशिनं एकेक करून थांबत गेली. नवी मुलगी, ड्रिलवाले, रंगवाले, सगळे माना वर करून बघायला लागले. वहिनी उठून उभी राहिली. बसून हे सांगणं तिला जमणार नव्हतं.

"इकडचं टोक बरोबर आहे. तिकडे उतार आलाय, जाडी कमी पडतेय. बेअरिंग सैल बसेल." तिनं माप घ्यायचा मायक्रोमीटर शाफ्टशेजारी ठेवला. "हा मी पास करू शकत नाही."

मिस्त्रींनी शाफ्ट हातात घेतला. खिडकीपाशी उजेडात नेला. मायक्रोमीटर लावून, डोळे बारीक करून त्यांनी त्यावरचे आकडे वाचायचा प्रयत्न केला, तो लांब धरला, जवळ धरला, आणि मला कळलं की त्यांना आकडे नीट दिसत नाहीत. बहुतेक बऱ्याच दिवसांपासून दिसत नसावेत. मागून ड्रिलवाला म्हणाला, "अहो, पुन्हा मोजा म्हणावं तिला! मिस्त्रींचा जॉब आहे तो!"

मिस्त्री वळले. त्यांनी शाफ्ट स्वतःच्या हातानं नापास मालाच्या लाल पेटीत ठेवला.

"माझाच आहे," ते म्हणाले. "ती नाही म्हणाली ना? मग नाही. चला, मशीन चालू करा."